रंगमंदिराची मागची बाजू

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणीतरी आपल्या तीर्थयात्रेचे वर्णन लिहितात. कोणी पंढरपूरला जाऊन आलेले असतात, कोणी काशीला, तर कोणी अष्टविनायक करून आलेले असतात. यंदा मीही एका यात्रेविषयी लिहिणार आहे; मात्र माझे क्षेत्र देवालय नसून नाट्यालय आहे. लंडन शहरात थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर, वॉटर्लू पुलाला लागून जे नॅशनल थिएटर उभे आहे, ते गेल्या मार्च महिन्यात माझ्या शाळेतील चोवीस विद्यार्थ्यांसमवेत मी आतून पाहिले. केवळ प्रवासवर्णन लिहावे असा माझा हेतू नाही. ते रंगमंदिर पाहताना आपल्या मंडळाविषयी जो विचार मनात आला तो सभासदांपुढे मोकळेपणाने मांडावा, आणि गेल्या वर्षी माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुलीही द्यावी, एवढ्यासाठी हा लेख आहे.

प्रथम थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. माझा जन्म याच देशातला आणि शिक्षणही येथील सरकारी शाळेतले. नाटक पाहण्याची आवड मला लहानपणापासून आहे. अठराव्या वर्षापासून मी आमच्या गावाहून दोन तासांचा आगगाडीचा प्रवास करून या रंगमंदिरात येत आले आहे. सर्वांत स्वस्त तिकीट काढावे, मागच्या रांगेत बसावे, आणि रात्री शेवटची गाडी गाठण्यासाठी स्टेशनकडे धावत सुटावे, हा माझा क्रम. त्यामुळे मी स्वतःला रसिक समजत असे, आणि चारचौघांत कोणी ‘संस्कृतिप्रेमी’ म्हणून माझी ओळख करून दिली तर मला बरेही वाटत असे. परंतु इतक्या वर्षांत मी हे मंदिर एकाच बाजूने पाहिले होते. प्रेक्षकाच्या खुर्चीवरून जेवढे दिसते तेवढ्यालाच मी नाटक मानीत होते.

इमारत प्रथमदर्शनी मन मोहून टाकील अशी मुळीच नाही. डेनिस लास्डन या वास्तुशिल्पकाराने ती उघड्या काँक्रीटमध्ये बांधली. एकावर एक सरकवून ठेवल्यासारखे लांबरुंद सज्जे आणि त्यांवर दोन थोराड चौकोनी मनोरे, असा तिचा आकार आहे. १९८८ साली त्या वेळचे युवराज, म्हणजे आताचे राजे चार्ल्स, यांनी तिची तुलना अणुवीज केंद्राशी केली होती. पुढे १९९४ साली याच इमारतीची संरक्षित वास्तूंच्या यादीत नोंद झाली. मला स्वतःला ती सुंदर वाटू लागली ती भिंतीजवळ उभे राहून पाहिल्यावर. काँक्रीट ओतताना साचा म्हणून खरखरीत लाकडी फळ्या वापरल्या होत्या, आणि त्या फळ्यांच्या रेषा, गाठी आणि सांधे भिंतीवर जसेच्या तसे उमटलेले आहेत. साचे काढून नेले, फळ्या बांधणारे सुतारही आपापल्या घरी गेले. त्यांच्या कामाची खूण मात्र दगडासारख्या काँक्रीटवर राहिली. माझ्या एका विद्यार्थिनीने त्या रेषांवरून बोट फिरवीत विचारले, “बाई, हे लाकूड आहे का?” मी म्हटले, “लाकूड गेले. हा त्याचा ठसा आहे.”

शेजारच्या वॉटर्लू पुलाची कथाही अशीच आहे. तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधून झाला, आणि पुरुष रणांगणावर गेल्यामुळे त्याच्या बांधकामावर मोठ्या संख्येने स्त्रिया राबल्या. १९४५ साली त्याचे औपचारिक उद्घाटन झाले तेव्हा भाषणात उल्लेख झाला तो बांधणाऱ्या पुरुषांचा. पुढे कित्येक वर्षांनी लोकांना त्या स्त्रियांची आठवण झाली, आणि आज पुष्कळजण त्याला ‘बायकांचा पूल’ म्हणतात. ज्यांचे हात दिसत नाहीत त्यांचे नाव घ्यावयास जग नेहमीच उशीर करते. त्या पुलावरून चालत येताना मुलांना हे सांगितले खरे. परंतु तेच वाक्य थोड्याच वेळाने माझ्यावरच उलटणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

या रंगमंदिराचा इतिहास आपण मराठी माणसांनी अवश्य समजून घ्यावा असा आहे. इंग्रजांना राष्ट्रीय नाट्यगृह असावे ही सूचना एफिंगहॅम विल्सन नावाच्या लंडनच्या एका प्रकाशकाने १८४८ साली एका पुस्तिकेत मांडली. त्याच्या पाचच वर्षे आधी, म्हणजे ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, सांगलीस चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले होते. शेक्सपिअरच्या देशात राष्ट्रीय रंगमंदिराचा विचार नुकता कागदावर उतरत होता, त्याच सुमारास आपल्याकडे मराठी नाटकाचा पहिला खेळ होऊनही गेला होता. हा योगायोग आहे. त्यावरून कोणी श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवू नये. परंतु नाटकाच्या बाबतीत आपण कोणाचे उसने घेऊन उभे राहिलेले लोक नाही, एवढे तरी आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे.

विल्सनच्या पुस्तिकेपासून रंगमंदिराचे दार उघडेपर्यंत १२८ वर्षे लोटली. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम आर्चर आणि ग्रॅनव्हिल बार्कर यांनी खर्चाच्या आकड्यांसह संपूर्ण योजना तयार केली, तीही तशीच पडून राहिली. दोन महायुद्धे झाली. १९४९ साली संसदेने कायदा करून दहा लाख पौंडांपर्यंत मदत देण्यास संमती दिली. १९५१ साली महाराणींच्या हस्ते कोनशिला बसली. पण पुढे जागाच बदलली, आणि ती शिला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवावी लागली. लोकांनी थट्टा केली, वर्तमानपत्रांनी टीका केली. अखेर २२ ऑक्टोबर १९६३ रोजी नॅशनल थिएटरच्या नटसंचाने आपला पहिला प्रयोग केला. नाटक होते ‘हॅम्लेट’. याच नाटकाचे गोपाळ गणेश आगरकरांनी केलेले ‘विकारविलसित’ हे मराठी रूपांतर ८० वर्षे आधी, १८८३ साली, प्रसिद्ध झालेले होते. पण तो प्रयोग कोठे झाला? स्वतःचे घर नव्हतेच. ‘ओल्ड व्हिक’ नावाच्या जुन्या नाट्यगृहात या संचाने भाडेकरूसारखी १३ वर्षे काढली. सध्याच्या इमारतीतील पहिले दालन उघडले ते १९७६ च्या मार्च महिन्यात.

या इतिहासातील एका गोष्टीने मला चटका लावला. लॉरेन्स ऑलिव्हिए या थोर नटाने पहिली दहा वर्षे संचालक म्हणून ही संस्था वाढवली. येथील सर्वांत मोठ्या दालनाला त्याचेच नाव आहे. परंतु त्या रंगमंचावर त्याने एकाही नाटकात काम केले नाही. २५ ऑक्टोबर १९७६ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते औपचारिक उद्घाटन झाले, त्या दिवशी स्वागताचे भाषण करण्यासाठी तो त्या मंचावर उभा राहिला तेवढाच. आपल्याला फळ चाखावयास मिळेल की नाही याचा हिशेब न करता त्याने झाड लावले. आधी नाटक उभे राहिले, घर मागाहून आले. आपल्यात मात्र पुष्कळदा उलट बोलले जाते. “आधी स्वतःचे सभागृह होऊ द्या, मग नाटकांचे बघू,” हे वाक्य मी मंडळाच्या सभांतून माझ्या लहानपणापासून ऐकत आले आहे.

असो. आता आत जाऊ. येथे तीन रंगमंच आहेत. ऑलिव्हिए दालनात सुमारे १,१५० प्रेक्षक बसतात. प्राचीन ग्रीसमधील एपिडॉरसच्या खुल्या रंगमंडलावरून त्याची कल्पना घेतलेली असून खुर्च्यांच्या रांगा पंख्यासारख्या पसरलेल्या आहेत. सुमारे ८९० खुर्च्यांचे लिटलटन दालन चौकटीच्या रंगमंचाचे, म्हणजे आपल्या परिचयाचे. तिसरे, डॉर्फमन, सर्वांत लहान. नाटकाच्या गरजेप्रमाणे तेथील बैठकींची मांडणी बदलता येते. हे सर्व मी प्रेक्षक म्हणून पाहिलेले होते. मार्गदर्शक बाईंनी एक जड दार ढकलले आणि आम्ही मागे गेलो, तेव्हा मात्र मी थक्क होऊन उभी राहिले. मी ज्याला नाट्यगृह म्हणत होते ते या वास्तूचे केवळ ओटी-माजघर होते. खरा संसार मागे चालला होता.

तेथे सुतारशाळा आहे, लोखंडकाम आहे, घराच्या भिंतीएवढे पडदे उभे करून रंगवण्याची जागा आहे. खोटी फळे, खोटी पत्रे, जुनाट दिसणारी नवी पुस्तके तयार करणारा विभाग आहे. वेशभूषेचा विभाग आहे. केसांचे टोप एकेक केस ओवून करणाऱ्या कारागिरांचा विभाग आहे. नाटक लिहिले गेल्यापासून पडदा वर जाईपर्यंत लागणारी बहुतेक प्रत्येक वस्तू याच छपराखाली घडते. ज्या माणसाने तलवारीची मूठ घडवली तो माणूस ती तलवार हाती घेणाऱ्या नटाला उपाहारगृहात भेटू शकतो. २०१४ सालापासून तर मागच्या बाजूला उंचावर एक मार्गिका केली आहे. तेथून कोणीही, तिकीट न काढता, काचेतून खाली चाललेले काम पाहू शकतो. झाकून ठेवावयाची म्हणून जी बाजू समजली जात असे, तीच या संस्थेने लोकांना पाहण्यासाठी खुली केली.

ऑलिव्हिए रंगमंचाच्या पोटात एक प्रचंड नळकांडे बसवलेले आहे. त्याची खोली सुमारे पाच मजल्यांएवढी. ते फिरते, आणि फिरत असतानाच त्याचे दोन अर्धे भाग वरखाली होऊ शकतात, त्यामुळे एक देखावा जमिनीत बुडत असताना दुसरा वर उगवतो. मुलांचे डोळे विस्फारले. मला मात्र हसू आले, आणि ते का आले हे मी त्यांना तेथेच सांगितले. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ हे नाटक ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीस रंगभूमीवर आले. त्याचा फिरता रंगमंच मराठी प्रेक्षकांच्या कौतुकाचा विषय झाला. प्रभाकर पणशीकर एकाच नाटकात पाच वेगवेगळी रूपे घेत, आणि तो रंगमंच घेऊन नाटक गावोगाव जाई. या नळकांड्याची यंत्रणा कितीतरी पटींनी मोठी आणि खर्चिक. शिवाय ती बसवल्यावर पुरतेपणी कामाला येण्यास बरीच वर्षे लागली. मालट्रकवर लादून नेलेला आमचा फिरता रंगमंच तिसऱ्या घंटेला फिरत होता! एवढा अभिमान बाळगण्यास हरकत नसावी. परंतु हा अभिमान वारशाचा आहे, कर्तृत्वाचा नव्हे, हेही मनात ठेवले पाहिजे. ते कर्तृत्व पणशीकरांचे, आणि अंधारात ते चाक फिरवणाऱ्या माणसांचे. त्या माणसांची नावे मला सांगता आली नाहीत.

शेवटी मार्गदर्शक बाईंनी आम्हांला प्रयोग चालवणाऱ्यांच्या कामाविषयी सांगितले. प्रयोगाच्या वेळी एक व्यक्ती संहिता पुढे ठेवून बसते. संहितेच्या प्रत्येक पानावर खुणा केलेल्या असतात: येथे दिवा मंद होईल, येथे पाऊस वाजेल, येथे पडदा येईल. ती व्यक्ती कानाला लावलेल्या यंत्रातून एकेक आज्ञा देते आणि त्या आज्ञेवर शेकडो प्रेक्षकांची संध्याकाळ चालते. प्रेक्षक तिचा चेहरा कधीही पाहत नाहीत. इंग्रजी रंगभूमीच्या परिभाषेत रंगमंचाकडेच्या त्या जागेला आजही ‘प्रॉम्प्ट कॉर्नर’ असेच म्हणतात. हे ऐकले आणि माझे लक्ष पुढच्या बोलण्यावरून उडाले. मला आमचे नाना दिसू लागले.

नाना, म्हणजे माझे वडील, १९७१ साली मिरजेहून या देशात आले. दिवसा ते एका कारखान्यात नकाशे काढण्याचे काम करीत. हिवाळ्याच्या रात्री मंडळाच्या नाटकाची तयारी करीत. भारतातून टपालाने नाटकाची एकच प्रत येई. तिच्यावरून नाना प्रत्येक पात्राची भाषणे वेगवेगळ्या वह्यांत हाताने उतरवून काढीत. तालमी कोणाच्या ना कोणाच्या दिवाणखान्यात होत. सोफे भिंतीला सरकवले जात, आयांचे स्वयंपाकघरात चहाचे आधण आणि वरच्या खोलीत कोटांच्या ढिगावर झोपलेली आम्ही मुले. झोप कसली! जिन्याच्या कठड्यातून डोकी घालून आम्ही तालीम ऐकत असू. एका वर्षी ‘मोरूची मावशी’ बसले. ब्रँडन टॉमसच्या १८९२ सालच्या ज्या इंग्रजी प्रहसनावरून अत्र्यांनी हे नाटक केले, त्याच इंग्रजांच्या देशात, भाड्याने घेतलेल्या चर्चच्या सभागृहात, ते मराठीतून परत आले होते! मावशीचे काम करणाऱ्या काकांना माझ्या आईने नऊवारी नेसवली होती, आणि ती सुटू नये म्हणून किती टाचण्या लावल्या होत्या ते मी मोजले होते.

नाना कधीही रंगमंचावर आले नाहीत. विंगेत एक घडीची खुर्ची, हातात पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली वही आणि वहीवर धरलेली विजेरी, एवढीच त्यांची जागा. एका प्रयोगात एका पात्राने गडबडीत दोन पाने गाळून पुढचेच वाक्य म्हटले. नानांनी कोठून कोणते शब्द पुरवले कोणास ठाऊक. नाटक पुन्हा रुळावर आले आणि प्रेक्षकांना काही कळलेही नाही. त्या प्रयोगाचे छायाचित्र आमच्या घरी आहे. त्यात सगळे कलावंत आहेत, पाहुणे आहेत, हार आहेत. नाना नाहीत. ते त्या वेळी वह्या गोळा करीत होते. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की, हे छायाचित्र मी चाळीस वर्षे पाहत आले. पण नाना त्यात नाहीत हे माझ्या ध्यानात आले ते त्या दिवशी, लंडनच्या त्या परक्या विंगेत उभी असताना. नाना जाऊन आता चार वर्षे झाली.

आता माझी चूक सांगते. गेल्या वर्षी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक ठराव आला: वार्षिक नाटक बंद करावे आणि त्याच्या जागी चित्रपटगीतांचा कार्यक्रम ठेवावा. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या एकमतात माझाही हात वर होता. मी काही बोलले नाही. सभा लांबली होती, मला दुसऱ्या दिवशी शाळा होती, आणि खरे सांगावयाचे तर नाटकासाठी राबण्याचे आपल्यावर येईल अशी मला धास्ती वाटत होती. आयुष्यभर नाटकावर प्रेम करीत आल्याचे मिरवणाऱ्या मी नाटक बंद करण्याच्या बाजूने मत दिले, कारण माझे सारे प्रेम खुर्चीत बसून करण्याचे होते.

ठरावाच्या बाजूची कारणे खोटी नव्हती; त्यांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. पहिले कारण खर्चाचे. सभागृहाचे भाडे वाढले आहे, आणि गाण्यांच्या कार्यक्रमाला तिकिटे अधिक खपतात. हे खरे आहे. परंतु तीन अंकी नाटक, भाड्याचा सेट आणि मोठे सभागृह हाच एक मार्ग आहे असे कोणी सांगितले? एखादी चांगली एकांकिका शाळेच्या लहानशा सभागृहात, चार खुर्च्या आणि एक टेबल एवढ्या सामग्रीवर उभी राहू शकते. ज्या नॅशनल थिएटरने पाच मजले खोल यंत्र बसवले, तेथेही सर्वांत लहान दालनातले पुष्कळ प्रयोग थोड्याच सामग्रीवर होतात, आणि ते पाहावयास लोक रांगा लावतात.

दुसरे कारण वेळेचे. सर्वांनाच नोकऱ्या आहेत, अंतरे लांब आहेत, तालमींना कोणाला सवड नाही. सवड आमच्या वडीलधाऱ्यांना तरी कोठे होती? आपल्या हौशी रंगभूमीचा इतिहासच मुळी नोकरी-धंदा सांभाळून नाटक करणाऱ्यांचा आहे. डॉक्टर श्रीराम लागू हे कानानाकघशाचे शल्यविशारद. कित्येक वर्षे त्यांनी वैद्यकी सांभाळून हौशी रंगभूमीवर काम केले. पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय त्यांनी चाळिशी उलटल्यावर घेतला, आणि १९७० साली शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’ त्यांनी उभा केला. आपल्यातून लागू निर्माण होतील असे मी म्हणत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ निघू शकते, एवढेच म्हणते.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे: मुलांना मराठी कळत नाही, मग ती नाटक करणार कशी आणि पाहणार तरी कशी? येथे मी शिक्षिका या नात्याने अधिकाराने बोलू इच्छिते. माझे मराठी कोणत्याही वर्गात घडलेले नाही. ते त्या जिन्याच्या कठड्यामागे घडले. एकच वाक्य तालमीत चाळीस वेळा कानावर पडते. प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणतो, असे नको, रागाने म्हण. असे नको, आता लाडीगोडीने म्हण. त्यामुळे त्या वाक्याचा अर्थ, सूर आणि अदब तिन्ही एकदम अंगात भिनतात. ‘अहो’ केव्हा, ‘अरे’ केव्हा आणि ‘अगं’ केव्हा, हे मला व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवले नाही. गाण्याच्या ठेक्यावर नाचणाऱ्या मुलाला शब्दांचा अर्थ कळला नाही तरी चालून जाते, आणि आपल्या कार्यक्रमांतून तसे चाललेले आपण पाहतो. नाटकात ते चालत नाही. समोरच्याचे वाक्य समजले नाही तर आपले वाक्य म्हणताच येत नाही. भाषा टिकवण्याचे याहून चांगले साधन मला माझ्या वीस वर्षांच्या अध्यापनात आढळलेले नाही. प्रेक्षकांतील मुलांसाठी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी रंगमंचाच्या वर इंग्रजी भाषांतराच्या ओळी दाखवण्याची सोय आता अल्प खर्चात होते.

कोणी म्हणतील, एवढी नाटकाची आवड असेल तर या देशाची रंगभूमी आपल्याला मोकळी आहे. मंडळाच्या हौशी खेळाची गरज काय? ती मोकळी आहे हे मला मान्य आहे, आणि त्याचा मला आनंद आहे. १९९० साली जतिंदर वर्मा यांनी मोलिएरचे ‘तार्त्युफ’ भारतीय वेषात याच नॅशनल थिएटरमध्ये दिग्दर्शित केले. २०२२ साली ऑलिव्हिए रंगमंचावर महात्मा गांधींच्या हत्येवरील इंग्रजी नाटक झाले. त्याचा मध्यवर्ती पुरुष म्हणजे मारेकरी नथुराम गोडसे, एक मराठी माणूस. लेखिका अनुपमा चंद्रशेखर चेन्नईच्या. दिग्दर्शिका इंदू रुबसिंगम, श्रीलंकेतून येथे आलेल्या तमिळ आईबापांची येथेच जन्मलेली मुलगी. २०२५ सालापासून या सबंध संस्थेच्या संचालकपदाची धुरा त्यांच्याकडे आली. त्यापूर्वी त्या पदावर एकही स्त्री बसली नव्हती. आपल्याच इतिहासातील एक काळाकुट्ट अध्याय, पण तो त्या मंचावर मांडला दुसऱ्यांनी. मला यात तक्रारीचे काहीच कारण दिसत नाही. उलट विचार करण्यासारखे पुष्कळ दिसते. दार उघडे असून आपली मुले तेथे पोहोचली नाहीत, तर आपण त्यांना घरात काय शिकवले, असा प्रश्न आपणच आपल्याला विचारला पाहिजे. मोठ्या रंगमंचावर जाणाऱ्याला आधी कोठेतरी लहान रंगमंच लागतो. पडण्याची, चुकण्याची आणि कोणीतरी विंगेतून शब्द पुरवण्याची सोय असलेली जागा लागते. ती जागा मंडळाखेरीज त्यांना कोण देणार?

म्हणून सभासदांपुढे माझी नम्र सूचना अशी आहे. पुढील वर्षापासून निदान एक एकांकिका मंडळाने पुन्हा सुरू करावी. तालमींसाठी पूर्ण दोन महिने ठेवावेत. बारा वर्षांवरील प्रत्येक मुलाला रंगमंचावरचे काम मिळेलच असे नाही. पण मागच्या बाजूचे काम अवश्य द्यावे. कोणी दिवे सांभाळावेत, कोणी वस्तूंची यादी ठेवावी, कोणी पडद्याची दोरी धरावी, आणि ज्याला मराठी वाचता येते त्याने वही घेऊन विंगेत बसावे. ज्या मुलाला उजेडात उभे राहण्याचा संकोच वाटतो, त्यालाही आपल्या संस्कृतीत जागा आहे हे त्याला अशानेच कळेल. प्रयोग छापलेल्या वेळेवर सुरू करावा. आणि स्मरणिकेत कलावंतांच्या नावांखाली मागे राबणाऱ्या प्रत्येकाचे नाव तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावे. चहा करणाऱ्यांचेसुद्धा.

हे बोलून मी मोकळी होणार नाही. पुढील वार्षिक सभेत गेल्या वर्षीचा ठराव मागे घेण्याची सूचना मी स्वतः मांडणार आहे. ती मान्य झाली तर कोणते काम मी घेणार हेही आताच सांगून ठेवते. नानांची ती विजेरी आमच्या माळ्यावर सापडली. आतल्या घटाने गळून तिचे पोट खराब झाले आहे, तेव्हा नवी घ्यावी लागेल. घडीची खुर्ची मात्र अजून धड आहे. ती घेऊन मी विंगेत बसेन. समोर आपली मुले बोलत असतील, आणि एखादे अडले तर पुढचा शब्द माझ्या बोटाखाली तयार असेल.

रसिक सभासदहो, आता पुढाकार आपण घ्यावा. नटांची, तशीच दोरी धरणाऱ्यांची नावे माझ्याकडे अवश्य पाठवावीत.